समाधानचा व्हॉल्व्ह आणि बबनमामांचं धोतर

आमच्या समाधाननं पहिल्या पाच महिन्यांत ज्याच्या अंगावर दुधाची गुळणी टाकली नाही असा माणूस शोधायचा झाला असता, तर शिरूर तालुका सोडून बाहेर जावं लागलं असतं. (बाहेर म्हणजे दौंडला गेलात तरी उपयोग नव्हता. त्याचा जन्म तिथलाच. आजोळची मंडळी सगळ्यात आधी भिजली होती.)

समाधान हे नाव बारशाला ठेवलं तेव्हा त्याचे गुण कुणाला माहीत नव्हते. हा गडी अगदी मन लावून दूध प्यायचा, ढेकर द्यायचा, आपल्याकडे बघून गोड हसायचा. ते हसणं बघून समोरच्यानं कौतुकानं तोंड जवळ नेलं, की प्यालेलं सगळं साभार परत! रडणं नाही, कुरकुर नाही. गुळणी टाकून तो मोकळा व्हायचा आणि आम्ही कपडे बदलायला पळायचो.

तेव्हा मी सणसवाडीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. भाड्याची एक खोली, खोलीत एक लोखंडी कॉट आणि दारासमोर कपडे वाळत घालायची दोरी. त्या दोरीवर दुपटी, टॉवेल, माझा युनिफॉर्म, सुनंदाच्या साड्या असं इतकं काही लटकलेलं असायचं, की घरमालकानं एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "लाँड्री टाकलीय का? मग भाडं धंद्याचं लागंल." शेजारच्या खोलीत बिहारचे पांडेजी राहायचे. ड्यूटीवरून आले की ते समाधानला उचलून घ्यायचे. दोन शर्ट खराब झाल्यावर त्यांनी खांद्यावर कायमचा गमछा टाकला. पुढे पुढे तर गमछा सापडेपर्यंत ते आमच्या दाराकडे बघतही नसत.

"बच्चा तो राजा है," ते म्हणायचे. "बस, निशाना बहुत पक्का है."

माझ्या बायकोला, सुनंदाला, यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. पाजायचं, पुसायचं, धुवायचं, की परत पाजायचं. तिचं जेवण उभ्याउभ्या व्हायचं. मी मेंटेनन्सचा माणूस, बिघाड दिसला की माझे हात शिवशिवतात. मी विचार केला, पाणी उताराला धावतं, तर दूधही धावेल. कारखान्याच्या मागून विटा आणल्या आणि कॉटच्या उशाकडच्या पायांखाली तीन-तीन लावल्या. रविवारी दुपारी आम्ही तिघंही त्या उतारावर आडवे झालो. जाग आली तेव्हा माझे दोन्ही पाय कॉटच्या गजांतून बाहेर गेलेले, सुनंदा माझ्या पोटरीवर आणि समाधान त्याच्या रबरी कापडासकट घसरत येऊन आमच्या दोघांच्या मध्ये अडकलेला. तो हसला. मी तोंड मागे घ्यायच्या आत त्यानं उताराला अजिबात न जुमानता नेमकी वरच्या दिशेला गुळणी सोडली.

"अहो, त्या विटा काढा," सुनंदा म्हणाली. "न्हाईतर मी त्याला घेऊन दौंडला जाते."

शेवटी आम्ही शिरूरला मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी समाधानला तपासलं, वजन केलं, त्याच्या गालाला बोट लावून बघितलं. (हात धुवायला गेले तेव्हा शर्टाची बाहीही धुवावी लागली.) मग म्हणाले, "हा आजारी नाही. आजारी मूल असं गुटगुटीत असतं का? अन्ननळी आणि जठर यांच्यामध्ये एक झडप असते. ती याची अजून कच्ची आहे. दूध खाली जातं आणि परत वर येतं. वर्षभरात झडप आपोआप घट्ट होईल. आईचं दूध अजिबात बंद करायचं नाही. पाजल्यावर अर्धा तास उभं धरायचं, पोट दाबायचं नाही, हिंदकळवायचं नाही. बस."

"आणि विटा?" मी विचारलं.

"विटा घर बांधायला वापरा," डॉक्टर म्हणाले.

पण माझं निम्मं लक्ष झडपेवरच अडकलं होतं. झडप म्हणजे व्हॉल्व्ह! आयुष्यात एवढं पटलेलं डॉक्टरचं बोलणं माझ्या कानावर कधी पडलं नव्हतं. पोराचा व्हॉल्व्ह गळतोय, एवढंच. घरी येईपर्यंत एसटीत मी शेजारच्या दोन अनोळखी प्रवाशांना हे समजावून सांगितलं. त्यांतला एक पुढच्या थांब्याला उतरून गेला. त्याला तिथेच उतरायचं होतं असं मी मानतो.

आता खरी अडचण निमोण्याला होती. आमचं घर तिथलं. आमच्या आधीच्या पिढ्या मेंढरांमागं रानोमाळ फिरलेल्या. पुढे शेती आली, विहीर आली, मोटार आली, पण एक श्रद्धा तशीच राहिली. ती म्हणजे शेळीचं दूध. खोकला असो, ताप असो, नाहीतर कोर्टाचा निकाल विरुद्ध गेलेला असो, आमच्याकडे उपाय एकच. आईला समाधानच्या गुळण्यांची बातमी लागली आणि तिनं निकाल देऊन टाकला: "सुनंदाचं दूध पोराला बाधतंय." आबांनी लगेच शिरूरच्या बाजारातून एक तांबडी शेळी आणून परड्यात बांधली. ठरलं असं, की पाचव्या महिन्यात जावळ काढायचं, आणि त्याच दिवसापासून पोर शेळीच्या दुधावर. शेळी निमोण्यात, म्हणून पोर निमोण्यात, म्हणून सुनंदाही निमोण्यात. मी एकटाच सणसवाडीला.

मी आबांना समजवायला गेलो.

"आबा, आपल्या विहिरीत मोटारीच्या पाइपाला खाली व्हॉल्व्ह असतो का न्हाई? तो गळाया लागला तर पाणी धरतं का?"

"न्हाई धरत."

"मग पोराचं तसंच झालंय. फकस्त उलट."

आबांनी विचार केला. "मग पाइपात शेणकाला वतून बघायचा. मोटार लगीच पानी धरती."

"आबा, ते मोटारीला. पोराला नुसतं उभं धरायचं अर्धा तास."

"मोटार उभी धरून कुणाची दुरुस्त झालीय?" आबा म्हणाले आणि शेळीला पाला टाकायला निघून गेले.

सुनंदाही बरोबर आली होती; सासूपुढं ती खाली मान घालून भाकरी थापत राहिली. खोलीवर परत आल्यावर मात्र समाधानला मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "माझं दूध नासकं म्हणत्यात. मग मी ह्याची कोण? नुसतं आंघोळ घालाया ठेवलीय का मला?" आणि रडायला लागली. मला फार वाईट वाटलं. मी तिला सांगितलं, "जावळाच्या दिवशी सगळ्या भावकीसमोर हा एकदाही गुळणी टाकणार नाही. ते माझ्यावर सोड." तिनं माझ्याकडे बघितलं. विटा आठवल्या असाव्यात.

माझी योजना साधी होती. कारखाना तीन शिफ्टमध्ये चालतो, मशीन कधी मोकळं राहत नाही, एक ऑपरेटर दुसऱ्याला चार्ज दिल्याशिवाय हलत नाही. पोराचंही तेच करायचं. सुनंदानं आतल्या खोलीत पाजायचं आणि तिथून पुढे समाधान उभाच राहील, फक्त धरणारे हात बदलतील. जावळाच्या दिवशी सकाळीच मी ओट्यावर नातेवाइकांना गोळा केलं आणि नियम सांगितले: खांद्याला लावून धरायचं, पोट दाबायचं नाही, हवेत उडवायचं नाही, गुळाचं बोट चाटवायचं नाही, चार्ज दिल्याशिवाय चुलीकडे जायचं नाही.

"हवेत न्हाई उडवायचं?" आबांनी विचारलं. "मग नातू घेऊन करायचं काय?"

"धरायचं, आबा."

"आन् हसवायचं?"

"हसला की तोंड बाजूला घ्यायचं."

आबांनी तरीही पहिली शिफ्ट मागून घेतली. अंगात नवा सदरा, समोर दोन्ही हातांवर ताठ धरलेला समाधान आणि तोंड पूर्ण वळवून मागच्या भिंतीकडे! येणारे पाहुणे रामराम करायचे आणि आबा भिंतीला रामराम घालायचे. पाहुण्यांचं अर्धं लक्ष मात्र परड्यातल्या शेळीवर होतं. जावळाचं जेवण म्हटल्यावर त्यांची काही अपेक्षा होती. आबा भिंतीकडे बघूनच प्रत्येकाला सांगत होते, "शेळी दुधाची हाय. जेवान पुरणाचं हाय." ते ऐकून दोन-तीन पाहुण्यांचे चेहरे पडले आणि शेळीनं मात्र पाला खायला सुरुवात केली.

जावळ मामाच्या मांडीवर काढतात. समाधानचा मामा, म्हणजे सुनंदाचा भाऊ दत्ता, दौंडला रेल्वेत होता. डबे जोडायच्या कामावर असल्यानं त्याचे हात फावड्याएवढे. जावळासाठी तो नवा क्रीम रंगाचा सफारी शिवून आला होता आणि टॉवेल दिसला तर बहिणीला राग येईल या भीतीनं तो सफारीच्या आत गुंडाळून आला होता. "दाजी, आतून सगळं बंदोबस्त हाय," तो मला म्हणाला. त्याचा सफारी बाहेर होता आणि बंदोबस्त आत, हे मी त्याला सांगितलं नाही.

आबांनी चुलत्याला चार्ज दिला, चुलत्यानं आत्याला, आत्यानं दत्ताला. समाधान मांडीवर ताठ बसला. नाभिकानं पहिली बट कापली. सगळ्या मांडवाचा श्वास अडकला. समाधाननं इकडेतिकडे बघितलं, ढेकर दिला, हसला. दत्तानं डोळे गच्च मिटले.

काहीच झालं नाही.

दुसरी बट, तिसरी बट, सगळं डोकं साफ. आत्यानं जावळ ओच्यात घेतलं. गुळणी नाही, थेंब नाही! मी सुनंदाकडे बघितलं. कित्येक महिन्यांनी ती हसत होती. मी छाती काढून आईपुढे गेलो.

"बघितलंस का, आई? एक थेंब न्हाई."

आईनं नातवाच्या चकचकीत डोक्यावरून हात फिरवला. "कसा येईल? आज हिनं पाजलंच नसंल."

"आत्या, पाजलंय," सुनंदा सासूला म्हणाली. "पोटभर पाजलंय."

"बघितलं कुणी?"

बघितलं होतं सुनंदाच्या आईनं आणि तिच्या मावशीनं. दोघी दौंडच्या. त्यांची साक्ष निमोण्याच्या कोर्टात चालत नव्हती. सुनंदाचं हसू मावळलं आणि ती आत निघून गेली. परड्यात शेळी ओरडली.

इथं मी थांबायला हवं होतं. पण पंगत उठली होती, मी तीन पुरणपोळ्या गुळवणीत बुडवून आणि चौथी तुपाबरोबर रिचवली होती, आणि माझ्या अंगात मेंटेनन्स डिपार्टमेंट संचारलं होतं. ओट्यावर सगळी भावकी सुपारी कातरत बसलेली. मी उभा राहिलो.

"मंडळी, दुधाचा काही दोष न्हाई. व्हॉल्व्हचा दोष हाय."

"कसला वॉल?" चुलते म्हणाले.

मी समजावलं. कुणाला समजलं नाही. कारखान्यात असं झालं की आम्ही एक करतो: डेमो देतो. मी सतरंजीवर उताणा पडलो. डोकं खाली आणि पाय वर राहावेत म्हणून पाय ज्वारीच्या पोत्यावर ठेवले.

"आता बघा. मी म्हंजी बाळ. माझं पोट भरलंय. मला आडवा केला, तर पोटातलं कुठं येईल? व्हॉल्व्हपाशी. आता कुणी लंगोट आवळून बांधला, पोट दाबलं, तर? दत्ता, ये इकडं. दाब."

"दाजी, नको," दत्ता म्हणाला.

"अरे दाब. मोठ्या माणसाचा व्हॉल्व्ह घट्ट असतो. काही होत न्हाई, हेच तर दाखवायचंय."

माझ्या डोक्याशी बबनमामा बसले होते. हे आईचे थोरले भाऊ, कोरेगाव भीमाचे. पांढरंशुभ्र धोतर, कडक इस्त्री, बोलणं मोजकं. जवळून दिसावं म्हणून ते जरा पुढे सरकले. दत्तानं बाह्या वर केल्या, दोन्ही हात माझ्या पोटावर ठेवले आणि मालगाडीचा डबा इंजिनाला जोडावा तसा जोर लावला.

पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की गुळवणी खाली जाताना जितकी गोड लागते तितकी वर येताना लागत नाही. डोळे उघडले तेव्हा ओट्यावर कुणी हलत नव्हतं. बबनमामा दोन्ही हात वर धरून बसले होते आणि त्यांच्या धोतरावर, गुडघ्यापासून कमरेपर्यंत, चार पुरणपोळ्यांचा हिशेब मांडलेला होता.

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "पुन्हा माझंच धोतर गावलं व्हय रे तुला?"

"पुन्हा म्हंजी?" आबांनी विचारलं.

मामांनी आईला हाक मारली. "शांते, भाईर ये. बघ, तुझ्या लेकानं काय केलंय. ह्याच्या जावळाला काय झालतं, इसरलीस व्हय?"

आई दारात आली. तिनं धोतर बघितलं, मला बघितलं. "दादा, आता कशाला त्ये?"

"आता न्हाई तर कवा?" मामा म्हणाले. "ह्यो माझ्या मांडीवर बसला आन् सगळं भाईर. असंच. पाच-सहा म्हैने ह्यानं कुणाला कोरडं ठिवलं न्हाई. तुझ्या सासूनं तुझं दूध नासकं ठरवलं. शेळी आणली. तू परड्यात बसून रडत हुतीस आन् मी तिथंच धोतर पिळत हुतो."

 आबा शेळीकडे बघायला लागले. मी अजून उताणाच होतो, पाय पोत्यावर. उठावं की नाही ते कळत नव्हतं. आईच्या चेहऱ्यावर मी कधी न बघितलेलं काहीतरी आलं. इतकी वर्षं तिनं हे मला कधीच सांगितलं नव्हतं, आणि स्वतःलाही सांगितलं नसावं. त्या क्षणी मला ती एकदम सुनंदाएवढी दिसली आणि पोटात कालवलं. (पोटात कालवायला तसं काही उरलं नव्हतं.)

आईनं चुलत्यांच्या खांद्यावरून समाधानला उचललं, आतल्या खोलीत गेली आणि सुनंदाच्या मांडीवर त्याला ठेवलं.

"पाज त्याला," ती म्हणाली. "माझ्यासमूर अवघडत असशील, तर मी दार लावून भाईर बसते. पाजून झालं की माझ्याकडं दे. अर्धा तास मी धरते."

"आत्या, तुम्ही दमलाय सकाळधरनं."

"दमू दे. मला धरणारं कुणी न्हवतं गं तवा."

आईनं त्याला खांद्याला लावून ओट्यावर फेऱ्या मारल्या. कुणालाही चार्ज दिला नाही. अर्धा तास झाला, तिनं त्याला समोर घेतलं, तो तिच्याकडे बघून हसला, आणि सबंध दिवस साठवून ठेवलेली एक भरघोस गुळणी त्यानं आजीच्या नव्या इरकल साडीवर टाकली.

सगळे आईकडे बघायला लागले. सुनंदाचा चेहरा पांढरा पडला.

आईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. "मेला," ती कौतुकानं म्हणाली, "अगदी बापाच्या वळणावर गेलाय. आईचं काय चुकलं ह्यात?"

एवढ्या एका वाक्यात सुनंदा निर्दोष सुटली आणि मी जन्मभरासाठी आत गेलो. संध्याकाळी समाधान, सुनंदा आणि मी असे तिघंही सणसवाडीला परत आलो. बबनमामा आबांची जुनी विजार घालून कोरेगावला गेले. शेळी परत द्यायला आबा तयार होईनात. तिच्या दुधाचा चहा त्यांना लागू पडला, असं ते सांगायचे. पांडेजींनी सगळी हकिगत ऐकली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलतानाही खांद्यावर गमछा टाकायला लागले.

समाधानचा व्हॉल्व्ह डॉक्टर म्हणाले होते तसा वर्षाच्या आत घट्ट झाला. आता तो दगड खाऊन पचवतो. माझा मात्र पन्नाशीनंतर परत ढिला झालाय. जळजळतं, आंबट वर येतं. डॉक्टरांनी सांगितलंय, जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. त्यामुळे रोज जेवण झालं की सुनंदा मला अंगणात उभं करते आणि चिरंजीव घरी आले असले की माझ्या पाठीवर थोपटून विचारतात, "पप्पा, ढेकर आला का?"

मी प्रेमानं त्याच्याकडे वळून हसतो. तो लगेच तोंड बाजूला घेतो.